‘वैऱ्याला संपव’ ही प्रार्थना आपल्याला कोणी शिकवली?

‘शत्रुनाशाची सामर्थ्यशाली प्रार्थना’ नावाचा एक मजकूर गेले काही महिने मोबाइलवरून फिरतो आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चौघांनी तो मला पाठवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बायबलातले स्तोत्र ९१ रोज सात वेळा म्हणा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. स्तोत्र १०९ मधले शाप वैऱ्याचे नाव घेऊन उच्चारा, कारण दावीदाने तसेच केले. पहिल्या मंडळीनेही, म्हणजे येशूच्या पहिल्या अनुयायांनीही, शत्रूंचा नाश मागितला, तो झाला, आणि म्हणून विश्वास पसरला. शेवटी धमकी : हा मजकूर अकरा जणांना पाठवला नाही तर संरक्षण उठेल.

पाठवणाऱ्यांना मी ओळखतो. त्यांच्यात खुनशी कोणी नाही. घाबरलेली माणसे आहेत; कोणाला घरात त्रास आहे, कोणाला कामाच्या जागी. अशा माणसाच्या हाती चुकीची प्रार्थना देणे हा मला मोठा अपराध वाटतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी स्तोत्र ९१. ‘परात्पराच्या गुप्त स्थली’ वसणाऱ्याचे हे स्तोत्र मलाही पाठ आहे. आजारपणात, रात्री झोप उडाल्यावर मी ते म्हणतो. पण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, हे स्तोत्र हमीपत्रासारखे पुढे करणारा एकच जण आहे, तो म्हणजे सैतान. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असे लिहिलेच आहे. आणि खरेच लिहिलेले आहे, ९१ व्या स्तोत्राच्या ११ व्या आणि १२ व्या वचनांत. सैतानाने ते वचन देवाला बांधून घेण्यासाठी वापरले : तू एवढे कर, मग देवाला तेवढे करावेच लागेल. येशूचे उत्तर होते, देवाची परीक्षा पाहू नको. सात वेळा म्हटले की काम झालेच पाहिजे, ही मागणी मला त्याच जातीची वाटते.

केसालाही धक्का लागणार नाही, याचे काय? पहिल्या मंडळीची हकिकत सांगणारे बायबलातले पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ उघडा. हेरोद राजाने येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. त्याच हेरोदाने दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकले आणि देवदूताने त्याला रात्रीतून बाहेर काढले. मंडळी तीच, राजा तोच. याकोबासाठी प्रार्थना कमी पडली असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. पेत्र सुटून दारावर आला तेव्हा आत प्रार्थना करत बसलेल्यांचा त्यावर विश्वासही बसेना. पेत्र दाराशी उभा आहे असे सांगणाऱ्या रुदाला ते म्हणाले, तू वेडी आहेस. मंत्रासारखे खात्रीचे काही त्यांच्या हाती असते तर ते असे चकित झाले असते का? त्याच अध्यायात पुढे हेरोद मरतो हे खरे आहे. पण त्याचे मरण कोणी मागितले होते असे लिहिलेले नाही. मंडळी पेत्रासाठी प्रार्थना करत होती.

आता दावीद. इथे जरा थांबावे लागेल, कारण शापाची स्तोत्रे बायबलात आहेत आणि ती नाहीत असे भासवण्यात अर्थ नाही. त्याची मुले अनाथ होवोत, त्याची बायको विधवा होवो, हे १०९ वे स्तोत्र वाचताना अंगावर काटा येतो. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर रोमन कॅथलिक चर्चने दैनिक प्रार्थनेचे पुस्तक नव्याने बांधले, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे त्यातून पूर्ण वगळली. मला विचाराल तर ती राहायला हवी होती. ज्याचे सगळे लुटले गेले आहे त्याला आपला संताप कुठेतरी ओतावा लागतो, आणि तो शेजाऱ्यावर ओतण्यापेक्षा देवापुढे ओतलेला बरा.

पण संताप ओतणाऱ्या दावीदाचा हात काय करत होता तेही पाहा. शौल राजा तीन हजार माणसे घेऊन त्याच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या रानात ज्या गुहेत दावीद आपल्या माणसांसह आतल्या बाजूला लपला होता, नेमक्या त्याच गुहेत शौल एकटा शिरला. माणसे म्हणाली, देवाने वैरी तुझ्या हाती दिला. दावीद गुपचूप गेला आणि त्याने शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला. एवढेच. आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. मग बाहेर येऊन, तो तुकडा दाखवत, त्याने शौलाला हाक मारून सांगितले की न्याय परमेश्वर करील, माझा हात तुझ्यावर पडणार नाही. स्तोत्र ५७ चा मथळा सांगतो की शौलापुढून पळून दावीद गुहेत असतानाचे हे स्तोत्र आहे. त्यात शत्रूंना सिंह म्हटले आहे, त्यांचे दात म्हणजे भाले आणि बाण आहेत. आणि मागणे काय, तर देवाच्या पंखांच्या छायेत आश्रय. दावीदाचे नाव घेऊन शाप शिकवणाऱ्याने तो कापलेला काठही दाखवायला हवा.

‘वैऱ्याचे नाव घेऊन म्हणा’ याबद्दल मला एक प्रसंग सांगायचा आहे. आमच्या प्रार्थनासभेत विनंत्यांच्या चिठ्ठ्यांची पेटी असते. एकदा मी उघडलेल्या चिठ्ठीत एक नाव होते आणि खाली लिहिले होते, ‘प्रभो, ह्याला संपव.’ पेन इतके दाबून चालवले होते की अक्षरे कागदाच्या पाठीवर उमटली होती, आणि ‘संपव’पाशी कागद फाटला होता. मोठ्याने वाचायची माझी पाळी होती. मी नाव उच्चारले नाही. ज्याने लिहिले त्याच्यासाठी आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्यासाठी प्रार्थना करू, एवढेच म्हणालो. पुढच्या आठवड्यात त्याच अक्षरातली दुसरी चिठ्ठी आली : ‘त्याच्यासाठी प्रार्थना माझ्याच्याने होत नाही. माझ्यासाठी करा.’

नाव घ्यायला माझी हरकत नाही. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे येशूने सांगितले आहे, ते नावाशिवाय कसे जमणार? पण प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर, म्हणजे माणसांबरोबर, नाही. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेत शत्रूंच्या हल्ल्यांपासून रक्षण मागितले आहे, आणि त्याच पुस्तकात शत्रूंना, छळणाऱ्यांना, निंदकांना क्षमा कर, त्यांची मने वळव, असेही मागितले आहे. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोक या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करत आले आहेत.

पहिल्या मंडळीने नाश मागितला, हे तर सरळ खोटे आहे. पेत्र आणि योहान धमक्या ऐकून सुटून आल्यावर मंडळीने केलेली प्रार्थना कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे. त्यांनी दुसऱ्या स्तोत्राची सुरुवात म्हटली. त्या स्तोत्रात पुढे लोहदंडाने फोडून टाकण्याची ओळ आहे. तिथपर्यंत ते गेलेच नाहीत. त्यांनी मागितले ते हे : प्रभो, त्यांच्या धमक्यांकडे पाहा, आणि आम्हाला पूर्ण धैर्याने तुझे वचन सांगू दे.

राहिला विश्वासाच्या प्रसाराचा मुद्दा. येशूचा स्वीकार न करणाऱ्या शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पडावा अशी इच्छा याकोब आणि योहान यांनी बोलून दाखवली होती, आणि येशूने त्यांना खडसावले होते. पुढे स्तेफन या विश्वासणाऱ्याला दगडमार झाला, विश्वासणारे पांगले, आणि पांगलेले लोक सुवार्ता सांगत फिरले. ती पोहोचली कुठे? शोमरोनात. आणि तिथल्या लोकांसाठी प्रार्थना करायला पेत्राबरोबर कोण गेला? तोच योहान. त्याची पहिली मागणी मान्य झाली असती तर हात ठेवायला तिथे माणसे उरली असती का?

पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या शौलाचेही (हा दावीदाच्या काळचा शौल राजा नव्हे) तसेच. तो घराघरांत शिरून विश्वासणाऱ्यांना ओढून तुरुंगात टाकत होता. मजकुरातली प्रार्थना कोणी त्याच्या नावाने केली असती आणि ती फळाला आली असती, तर नव्या करारातली पौलाच्या नावाची १३ पत्रे आज आपल्या हाती नसती. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) हनन्या नावाचा विश्वासणारा त्याच्याकडे जायला घाबरत होता, आणि ते साहजिक होते. तरी तो गेला, त्या आंधळ्या झालेल्या माणसाच्या अंगावर त्याने हात ठेवले, आणि पहिली हाक मारली ती ‘शौला, भाऊ’ अशी.

छळ झाला की विश्वास नेहमी वाढतो, असे मात्र मी म्हणणार नाही. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे पाळक उरले नाहीत, आणि घराघरांत प्रार्थना दबक्या आवाजात तोंडपाठ चालत राहिल्या. १८६५ मध्ये नागासाकीत त्यांचे वंशज एका धर्मगुरूपुढे येऊन म्हणाले, आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. त्यानंतरही पुन्हा छळ झाला. बंदी हटली ती १८७३ मध्ये. इतक्या पिढ्या वैरी जागचा हलला नाही, आणि प्रार्थनाही थांबली नाही.

अकरा जणांच्या अटीवर फार लिहीत नाही. प्रभूची प्रार्थना शिकवल्यावर येशूने लगेच एकच अट सांगितली, दुसऱ्यांना क्षमा करण्याची. तिच्यात आकडा नाही.

मजकूर पाठवणाऱ्या चौघांना मी फोन केला. एकीने विचारले, ‘मग रात्री भीती वाटली की मी म्हणू तरी काय?’ मी तिला थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली पहिली दोन वचने वाचून दाखवली. पौल आपल्यासाठी प्रार्थना मागतो आहे : प्रभूचे वचन वेगाने पसरावे, त्याचा गौरव व्हावा, आणि हेकट व दुष्ट माणसांपासून आमची सुटका व्हावी. तिने ती पुन्हा एकदा, सावकाश वाचायला सांगितली आणि लिहून घेतली.