रात्रभर सा आणि प

सत्यनारायणाच्या पूजेत यजमानाला काही पाठ असावं लागत नाही. मंत्र गुरुजी म्हणतात, कथा गुरुजी सांगतात; खूण झाली की यजमानानं 'मम' म्हणायचं. टेक्ससच्या डान्सहॉलमध्ये कंट्री बँडबरोबर बेस गिटार (चार जाड तारांची, खर्जातली गिटार) वाजवणं हे साधारण तेच काम आहे. फक्त इथे 'मम' मिनिटाला नव्वद वेळा म्हणायचं असतं, रात्री ९ ते १, उभ्यानं, चार किलोचं लाकूड डाव्या खांद्याला अडकवून. आणि एखादं 'मम' चुकलं, की समोर नाचणाऱ्या शंभर जोड्यांचे पाय अडखळतात.

विदर्भात 'बेस' म्हणजे झकास. इथे बेस झकास झाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. गणपतीत भेटणारी मंडळी प्रेमानं विचारतात, "अजून बेसच का? गिटारवर कधी घेणार तुला?" जणू ही कारकुनी आहे आणि दहा वर्षांनी हेडक्लार्क होता येतं.

कामाचं स्वरूप आधी सांगतो. टू-स्टेप या इथल्या जोडीच्या नाचाच्या गाण्यात चार मात्रा असतात. पहिल्या मात्रेला सा, तिसऱ्या मात्रेला प. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला गप्प. झालं. गाणं सा वरून म च्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर) गेलं, की म ला सा मानायचं आणि त्याचा प शोधायचा. तो शोधायलाही लागत नाही. सा ए तारेवर तिसऱ्या पडद्याला असेल, तर प वरच्या जाड ई तारेवर त्याच पडद्याला, खालच्या सप्तकातला, भरदार. बोट आडवं ठेवलं की दोन्ही एकाच बोटाखाली. शिकायला दहा मिनिटं पुरतात. खरी अडचण अकराव्या मिनिटाला सुरू होते.

कारण पाय. टू-स्टेपमध्ये दोन पावलं झटपट, एकेका मात्रेची. मग दोन पावलं संथ, दोन-दोन मात्रांची. बेरीज सहा. गाणं मात्र चार मात्रांचं. म्हणजे नाचणाऱ्यांची सम आणि गाण्याची सम बारा मात्रांतून एकदा भेटते. मधल्या काळात ती जोडपी कशाच्या भरवशावर फिरतात? गायक तर शब्द मागेपुढे ओढत असतो, स्टील गिटार (आडवी ठेवून धातूच्या कांडीनं वाजवायची) एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत असते, फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, स्वतःतच रमलेला असतो. भरवसा त्या सा आणि प चा. मात्रा मिनिटाला १८० असतील तर ठोके ९०. पाऊण-पाऊण तासाचे चार सेट. संथ गाणी, वॉल्ट्झ आणि गायकाच्या गप्पा वजा केल्या, तरी रात्रीचे दहा-बारा हजार ठोके होतात, आणि त्यातले निम्मे एकाच स्वराचे. तानपुऱ्याला निदान बसायला मिळतं.

नवखा बेसवाला इथे कंटाळतो आणि मधल्या रिकाम्या मात्रा भरायला लागतो. ही सगळ्यात घातक खोड. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर (ड्रमरचा कडक आवाजाचा छोटा ड्रम) वाजतो, आणि त्याला जागा लागते. म्हणून स्वर कुठे सुरू होतो याच्याइतकंच तो कुठे संपतो हे महत्त्वाचं. सा वाजला की स्नेअरच्या आधी तो मेला पाहिजे. त्यासाठी डाव्या हाताचा दाब सैल करायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही, आणि शेजारचं एक बोट सोबत टेकवायचं. एकच बोट पाचव्या किंवा सातव्या पडद्यावर अलगद राहिलं तर तार थांबायच्या ऐवजी देवघरातल्या घंटीसारखी किणकिणते. नाचणारे दचकत नाहीत, पण ड्रमर बघतो.

दुसरा उपाय स्वयंपाकघरातला. भांडी घासायच्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापून ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे खालच्या टोकाला टेकतात तिथे, तारांखाली सरकवायची. स्वर 'डूंऽऽम'च्या जागी 'ठुप' होतो, आणि इथे 'ठुप'च हवा असतो. पट्टी जाड झाली तर तारा वर उचलल्या जाऊन सूर चढतो. पातळ झाली तर ती दुसऱ्या सेटमध्ये खाली पडते आणि अचानक सगळे स्वर जिवंत होतात. तारा फ्लॅटवाउंड घ्याव्यात, म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत, बोटं सरकताना न करकरणाऱ्या. ४५ ते १०५ चा साधा संच पुरतो. त्या वर्षानुवर्षं बदलायच्या नसतात. जुन्या झाल्या की चांगल्या लागतात, लोणच्यासारख्या.

या सगळ्या उपासात एकच फराळ आहे. गाणं सा च्या कॉर्डवरून म च्या कॉर्डवर जाताना बेसला चालत जायची परवानगी असते. आदल्या आवर्तनात पहिल्या मात्रेला सा, तिसरीला रे, चौथीला ग, आणि नव्या आवर्तनाच्या समेवर म. म्हणजे चक्क सारेगम. आपल्याकडे गाण्याच्या क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात ते, आणि टेक्ससच्या लाकडी फरशीवर त्याच्यावर लोक गिरकी घेतात. परत येताना मगरेसा. पण याचंही पथ्य आहे. दर वेळी चालत गेलात तर त्याची किंमत जाते. कडव्याच्या तोंडाशी आणि ध्रुपदाच्या आधी, बस. त्याच वेळी गिटारवालाही चालायला निघाला, तर दोघे अरुंद जिन्यात समोरासमोर आल्यासारखे होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही सा, रे, ग करत दारापर्यंत पोचावं आणि गाणं म वर जाऊच नये. ग वर एक पाय उचललेला, समोर पायरी नाही. अशा वेळी चेहरा सरळ ठेवून पुन्हा सा वर यायचं आणि स्टील गिटारवाल्याकडे रागानं बघायचं. लोकांना वाटतं त्याचंच चुकलं.

वॉल्ट्झमध्ये तीन मात्रा, आणि बेसला त्यातली पहिलीच. एका आवर्तनात सा, दुसऱ्यात प. इतकं कमी वाजवायचं असतं की हात कुठे ठेवावा कळत नाही. शफल त्या मानानं श्रीमंती: कंट्री गायक रे प्राइस यांच्या १९५६ च्या रेकॉर्डनं रूढ केलेली ही चाल, बेस चारही मात्रांना चालता. सा ग प ध, मग कोमल नि, आणि ध प ग करत परत. शफल लागला की बेसवाल्याची मान हलायला लागते. पोल्का या धावत्या नाचाबद्दल बोलत नाही. मनगटाला आठवण होते.

आता गायकाच्या बोटांविषयी. या धंद्यात गाण्यांची यादी असते, पण ती पहिल्या तीन गाण्यांपुरती. पुढे फर्माइशी. गायक न वळता पाठीमागे हात नेतो आणि बोटं दाखवतो. गाणं चालू असताना बोटं म्हणजे कॉर्डचा क्रमांक: एक म्हणजे सा चा, चार म्हणजे म चा, पाच म्हणजे प चा. नॅशव्हिलमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस गायकांच्या सोयीसाठी निघालेली ही आकड्यांची पद्धत. हिच्यामुळे पट्टी कुठलीही असो, आकडे तेच राहतात. पण गाणं सुरू व्हायच्या आधी बोटं दाखवली तर ती पट्टी असते. वर केलेली बोटं म्हणजे त्या पट्टीत जितके शार्प (चढे स्वर) तितकी: एक म्हणजे जी, दोन डी, तीन ए, चार ई. खाली केलेली बोटं फ्लॅटची (उतरत्या स्वरांची). एक खाली म्हणजे एफ. म्हणजे चार बोटांचा अर्थ चौथा कॉर्ड, किंवा ई पट्टी, किंवा बारवाल्याला चार बिअरची खूण. संदर्भानं ओळखायचं. दोन्ही हातांत गिटार असेल तर तो फक्त भुवया उडवतो. त्याला अर्थ नसतो.

पट्ट्या बऱ्याचशा फिडलवाल्याच्या सोयीच्या: ए आणि डी, हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा आणि पांढरी दोन. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी असल्यानं आपलीही सोय होते. मग शेवटच्या कडव्याला गायकाला उमाळा येतो आणि तो अंगठा वर करतो. अर्धा स्वर चढवा. पांढरी पाचवरून काळी चार. सगळ्या मोकळ्या तारा क्षणात परक्या होतात, आणि आत्तापर्यंत डोळे मिटून वाजवणारा माणूस पडद्यांवरचे ठिपके मोजायला लागतो. सोपी युक्ती अशी की रात्रभर मोकळ्या तारा वापरायच्याच नाहीत. प्रत्येक स्वर दाबून वाजवला तर अर्धा स्वर चढणं म्हणजे अख्खा हात एक पडदा सरकवणं, एवढंच. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी रात्री साडेअकराला मोकळी तार फार मोहात पाडते.

हे हॉल मात्र देखणे. त्यातले पुष्कळ एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन आणि चेक शेतकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये उभे राहिले. न्यू ब्राउनफेल्सचा ग्रीन हॉल १८७८ चा. ऑस्टिनचा ब्रोकन स्पोक त्या मानानं पोरगा, १९६४ चा, छत मात्र उंच माणसानं जपून वावरावं असं. लाकडी फरशी, पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बिअरच्या निऑन पाट्या. नाचणारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. वेगवान जोड्या कडेनं, सावकाश चालणाऱ्या आत.

डोळ्यांना छान वाटणाऱ्या या प्रत्येक गोष्टीचा बेसला त्रास असतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आणि निऑनच्या पाट्या पिकअपमध्ये (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकात) तिची गुणगुण भरतात. ६० हर्ट्झ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये. हॉलचा स्वतःचा तानपुरा, जगातल्या कुठल्याही पट्टीत न बसणारा. यासाठी फेंडरचा प्रिसिजन बेस बरा. १९५१ चं हे वाद्य. गळ्यावर पडदे असल्यानं सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांत आला, आणि ते दोन तुकडे एकमेकांची गुणगुण खोडतात. एकेरी पिकअपचा बेस घेऊन आलात तर पाटीपासून लांब उभं राहा, आणि गुणगुण कमी होईपर्यंत गोल फिरत दिशा शोधा. लोकांना वाटेल नाचताय.

सगळ्यात खालचा ई ४१ हर्ट्झचा. त्याची एक लहर सव्वाआठ मीटर लांब. ती भिंतीवर आपटून परत येते, आणि हॉलमध्ये काही ठिकाणी आवाज दुप्पट होतो, काही ठिकाणी साफ गायब. गायब होण्याची जागा बहुधा तुम्ही उभे आहात तीच असते. म्हणून माणूस आवाज वाढवतो. बारपाशी ग्लास थरथरतात, मालक हात हलवतो, तुम्हीही हात हलवता. साउंडचेकला सहा मीटरची वायर लावून फरशीवर उतरून ऐकावं, हा एकच इलाज. ॲम्प स्टेजच्या पोकळ फळ्यांवर ठेवू नये. बिअरच्या रिकाम्या क्रेटवर ठेवून कानाकडे कलता करावा, नाहीतर सगळा आवाज गुडघ्यांना मिळतो आणि गुडघ्यांना संगीतातलं कळत नाही. दोनशे हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा कापला की गुबगुब कमी होते. ॲम्पपासून स्पीकरपर्यंत स्पीकरचीच वायर वापरावी. गिटारची बारीक वायर तशीच दिसते, लागते, वाजतेही, आणि मग तापते. प्लग लावण्याआधी त्याच सर्किटवर बिअरचा फ्रिज आहे का ते विचारावं. फ्रिज दर थोड्या वेळानं चालू होतो आणि स्पीकरमधून 'थप्' असा जादाचा ठोका येतो, हमखास दुसऱ्या मात्रेला.

तिसरा सेट म्हणजे खरी परीक्षा. बोटाच्या टोकाला फोड आलेला असतो. तो फोडायचा नाही, टेप गुंडाळायची किंवा अंगठ्यानं वाजवायचं. फरशी घसरती राहावी म्हणून टाकलेल्या पावडरीची धूळ तारांवर बसलेली असते. ड्रमरची झांज डाव्या कानापासून दोन फुटांवर, म्हणून इअरप्लग. आणि याच सुमाराला ड्रमर पळायला लागतो. ड्रमर मुद्दाम पळत नाही. फरशी भरलेली असते, बिअर पोटात असते, आरोळ्या येतात. १८० चे १९० कधी होतात ते त्याला कळत नाही. ओरडून उपयोग नाही. सा किंचित मागे खेचून, त्याच्या बास ड्रमच्या अगदी अंगावर ठेवायचा, हट्टी बैलाच्या कासऱ्यासारखा. दोन आवर्तनांत तो येतो ताळ्यावर. जास्त खेचलं तर दोन स्वतंत्र बँड होतात.

शेवट आला हे गायकाच्या पायावरून कळतं. तो बूट पुढे काढतो आणि शेवटची ओळ फिरवतो. कधी दोनदा, कधी तिहाईसारखी तीनदा. तीनदा असेल हे गृहीत धरून वाजवावं, आणि दोनदाच झाली तर शांतपणे थांबावं.

एक वाजता दिवे लागतात. फिडलवाला डबा काखेत मारून केव्हाच गेलेला असतो. स्टीलवाल्याच्या वाद्याच्या नळ्यांची घडी होते, गायकाला सेल्फी असतात. मागे उरतात ड्रमर आणि बेसवाला, आणि दहा इंची आठ स्पीकरचं साठेक किलोचं कपाट. आता तीन किलोचे ॲम्प आणि एकाच बारा इंची स्पीकरची पेटी मिळते, आणि शहाण्यानं तीच घ्यावी. कपाटाला चाकं आहेत, हे खरं. हॉलबाहेरचं पार्किंग खडीचं आहे, हेही खरं. चाकं चार पावलांत रुततात. मग एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ड्रमर. चारला उचलायचं ठरतं. मी मोजतो: एक, दोन.

तो तीनलाच उचलतो.