‘जशास तसे’ने व्हिसा सुटत नाही

दरवर्षी पासपोर्टांची जागतिक क्रमवारी जाहीर झाली की मराठी वृत्तपत्रांत, आणि त्याहून अधिक आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, जुनाच वाद नव्याने रंगतो. एवढी मोठी अर्थव्यवस्था असूनही भारतीय पासपोर्ट इतका खाली का, असा एक सूर असतो. युरोपीय लोक आपल्याला कागदपत्रांसाठी पळवतात तर आपणही त्यांना पळवावे, असा दुसरा. जर्मनीत राहणाऱ्या आणि आता जर्मन पासपोर्ट बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला हे दोन्ही सूर भरकटलेले वाटतात, कारण व्हिसा देणारा देश समोरच्या राष्ट्राची प्रतिष्ठा फारशी मोजत नाही. आलेला माणूस मुदतीत परत जाईल का, एवढेच तो पाहतो.

तक्रार मात्र खरी आहे. आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे यायचे म्हटले की प्रत्येकी किमान 30,000 युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा, पेन्शनचे कागद, बँकेचे उतारे आणि मी इथल्या परकीय नागरिक कार्यालयात सही करून दिलेले हमीपत्र अशी सगळी जुळवाजुळव करावी लागते. जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो झालेले शुल्क अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही. उलट माझा जर्मन सहकारी भारतात निघाला, तेव्हा त्याने घरबसल्या ई-व्हिसाचा अर्ज भरला. त्यात धर्म कोणता, आजी-आजोबांचा पाकिस्तानशी संबंध होता का, असे प्रश्न पाहून तो जरा गोंधळला आणि ‘भारतातील परिचित व्यक्ती’ या रकान्यात त्याने माझ्या पुण्याच्या मामांचे नाव घातले. पण रांग नाही, मुलाखत नाही. ही विषमता खटकणारच.

तरीही सूडबुद्धीने काही हाती लागत नाही, हे खुद्द युरोपीय संघाने अनुभवले आहे. युरोपीय पासपोर्ट म्हणजे सगळीकडे चालणारी किल्ली, असा आपल्याकडचा समज आहे. प्रत्यक्षात जर्मन माणूस ऑनलाइन पूर्वपरवानगी काढून अमेरिकेला जातो, तर त्याच संघातील बल्गेरियाच्या नागरिकाला रीतसर व्हिसा काढावा लागतो. मार्च 2017 मध्ये युरोपीय संसदेने याच कारणावरून अमेरिकनांनाही व्हिसा लावा, अशी मागणी केली, आणि युरोपीय आयोगाने नुकसानच अधिक होईल म्हणून ती टाळली. पोलंडला अमेरिकेत व्हिसाविना जाण्याची सवलत 2019 मध्ये मिळाली, तीही अर्ज नाकारले जाण्याचे प्रमाण अमेरिकी कायद्यातील 3 टक्क्यांच्या मर्यादेखाली आल्यावर.

युरोपची दारे कोणासाठी उघडली तेही पाहावे. मोल्दोव्हा 2014 मध्ये, जॉर्जिया 2017 मध्ये आणि कोसोव्हो 2024 मध्ये व्हिसामुक्त झाले. यांपैकी एकही देश श्रीमंत किंवा बलाढ्य नाही. त्यांनी बायोमेट्रिक पासपोर्ट आणले, सीमेवरची तपासणी सुधारली आणि बेकायदा राहिलेल्या आपल्या नागरिकांना परत घेण्याचे करार पाळले. याउलट सर्बियाने भारतीयांना 2017 मध्ये दिलेली व्हिसामुक्ती 1 जानेवारी 2023 पासून काढून घेतली, कारण त्या वाटेने पुढे संघात शिरणाऱ्यांची संख्या वाढल्याची ओरड युरोपातून होत होती. माणसे पाठवणाऱ्या एजंटांचे फावले आणि सरळमार्गी पर्यटकांची सोय गेली. आपल्या वादात या एजंटांचे नाव क्वचितच निघते.

गोव्याचे उदाहरण तर अगदी घरचे. 1961 पूर्वीच्या नोंदींच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन, ब्रिटन युरोपीय संघात असताना, हजारो गोवेकर ब्रिटनमधील स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले. पण 2020 च्या अखेरीस ब्रेक्झिटची संक्रमणाची मुदत संपली आणि नव्याने तिथे जाऊन राहण्याचा हक्कही संपला. पासपोर्ट तोच राहिला, त्यामागचा करार गेला. एप्रिल 2025 पासून तर चार दिवसांच्या लंडनवारीसाठीही आम्हा युरोपीय नागरिकांना मोबाइलवर आधी परवानगी काढावी लागते. (साताऱ्याला जायचे तर मला परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड लागते, ही गोष्ट वेगळीच.)

म्हणून मागायचे असेल तर नेमके मागावे. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केला: 3 वर्षांत 2 व्हिसा नियमाने वापरले असतील, तर पुढचा 2 वर्षांचा आणि त्यानंतर साधारणपणे 5 वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळू शकतो. क्रमवारीवर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या गटात या बदलाची कोणी दखलही घेतली नाही. दिल्लीने याच्या पुढचा आग्रह धरावा. युरोपात कायदेशीर राहणाऱ्यांच्या आई-वडिलांना पहिल्याच अर्जावर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळावा, व्हिसाचा अर्ज देण्यासाठीची वेळ ठरावीक दिवसांत मिळावी. आणि त्या बदल्यात मुदत उलटून राहिलेल्यांची ओळख पटवून त्यांना परत घेण्याचे काम आपण रेंगाळू देऊ नये.