दिसला का?

पक्षी आपल्या मनाने समोर येऊन बसला तर प्रश्न नसतो. तो कुणी दाखवायला लागलं की संकट सुरू होतं.

फाल्गुन-चैत्रात भल्या पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला गेलात तर गावकऱ्यांपेक्षा तोफा घेतलेली माणसंच जास्त भेटतात. तोफा म्हणजे लेन्स. कपडे मातकट, बोलणं कुजबुजत, माना वर. सावरीची पानं गळून तिथे नुसती लाल फुलं असतात, पळस-पांगारा पेटलेला असतो आणि मकरंदासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची भांडाभांडी चाललेली असते. इथे माझंही बरं जमतं. पान नाही, आडोसा नाही. पण इतक्या सोप्या झाडाकडे जाणकार ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना शेजारच्या गच्च उंबरातला तांबट हवा असतो.

"आत्या, तो बघ!" भाचा कुजबुजतो.

"कुठे?"

"ती फांदी दिसते ना? तिच्या मागची."

उंबराला फांद्या किती, हे उंबरालाही सांगता येणार नाही. मग घड्याळ निघतं. झाड म्हणजे तबकडी, शेंडा म्हणजे बारा. "साडेदहाला बघ." मी साडेदहाला बघते. मागून एक काका दुरुस्ती करतात, "पावणेअकरा म्हणा." मी पाव तास चुकवल्यासारखी घाईने मान वळवते. काहीतरी हलतं. मी "हां!" म्हणते.

"ते पान आहे, आत्या."

तांबटही काही कमी नाही. चिमणीएवढाच, जरा दणकट, अंग हिरवं. कपाळावर आणि छातीवर लाल रंग आहे, पण तो दिसायला स्वारीने तोंड इकडे करायला हवं. आवाजावरून शोधावं, तर तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसं टुक-टुक-टुक करताना हा मान इकडून तिकडे फिरवतो; आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून. त्यात चोच मिटलेली! गळ्याची कातडी तेवढी फुगते. भाच्याने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. नर आणि मादी अगदी सारखे दिसतात, हेही सांगितलं. जो मुळात दिसतच नाही, तो बायकोसारखा दिसतो की नाही याची चौकशी मी कशाला करू?

"दिसला का?"

हे तिसऱ्यांदा विचारलं जातं तेव्हा सगळा घोळका आपल्याकडे बघत असतो. पुढे हळद्या खोळंबलेला असतो. ऊन चढत असतं. पायथ्याच्या पिठलं-भाकरीचाही विचार करायला हवा. अशा वेळी "दिसला, दिसला! काय गोड आहे!" एवढंच म्हणता येतं. निम्मा घोळका हेच करत असावा, असा मला दाट संशय आहे. पावणेअकरावाल्या काकांच्या दुर्बिणीची झाकणं तर मी स्वतः बघितली. दोन्ही जागच्या जागी होती.

फोटोचं दुःख वेगळंच. भाच्याने त्याचा जुना कॅमेरा मला दिलाय, ३०० मिलीमीटरच्या लेन्ससह. चारी बाजूंना ६०० मिलीमीटरच्या तोफा आणि मध्ये माझी पिचकारी. शिवाय ऑटोफोकसचं काडीवर निस्सीम प्रेम. पक्षी मागे, काडी पुढे असली की तो काडीची एकेक साल कोरून दाखवतो आणि पक्ष्याचा हिरवा धूर करतो. म्हणून मी साडेदहा, पावणेअकरा आणि खबरदारी म्हणून सव्वाअकरा, सगळीकडे बटण दाबत सुटले.

रात्री फोटो मोठे करून बघितले. पानं, उंबरं, एक मुंगळा. त्यातला बऱ्यापैकी हिरवा निवडला आणि 'तांबट, सिंहगड पायथा' असं लिहून सकाळच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला.

"वा!" लगेच कुणीतरी लिहिलं.

"काय रंग उतरलाय!"

"डोळ्यातली चमक अप्रतिम पकडलीत, ताई."

मग काका आले. त्यांनी बराच वेळ 'टायपिंग' केलं.

"नर आहे."