लहान देश आणि गोटांचं राजकारण : एका प्रतिक्रियेला उत्तर

लहान देशही बड्या सत्तांचे गोट स्वतः निवडतात, या माझ्या म्हणण्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. लहान देश गोट 'निवडतात' हे म्हणणंच भाबडं, बडे ठरवतात आणि बाकीचे मान डोलावतात, हा पहिला. आणि जे कुणाच्याच गोटात जात नाहीत ते दोन्ही डगरींवर हात ठेवणारे संधिसाधू, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण तो मला जास्त अन्यायाचा वाटतो.

व्हिएतनामने नोव्हेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने उत्तर सीमेवर हल्ला चढवला. मॉस्कोने शस्त्रं पाठवली, पण सैन्य उतरवलं नाही. पुढे १४ मार्च १९८८ ला दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांमधल्या एका प्रवाळखडकावर चिनी नौदलाने गोळीबार केला, ६४ व्हिएतनामी जवान गेले. त्या वेळी व्हिएतनामच्याच किनाऱ्यावर, कॅम रान्ह बंदरात, सोव्हिएत नौदलाचा तळ होता. सोव्हिएत नौदल मध्ये पडलं नाही, कारण सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना तेव्हा चीनशी जुळवून घ्यायचं होतं. हनोईचं, म्हणजे व्हिएतनाम सरकारचं, आजचं धोरण या अनुभवानंतरचं आहे: लष्करी युती नाही, परक्यांना तळ नाही, एकाची बाजू घेऊन दुसऱ्याशी वैर नाही, बळाचा वापर किंवा धमकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन हनोईत आले, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग, जून २०२४ मध्ये पुतिन. ज्याने पोळून घेतलंय त्याच्या सावधपणाला संधिसाधूपणा कसं म्हणायचं?

आता निवडीबद्दल. फिलिपिन्सच्या सिनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकी तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. खुद्द राष्ट्राध्यक्ष कोरी अक्विनो कराराच्या बाजूने होत्या, तरीही! पुढच्या वर्षी अमेरिकेने सुबिक बे हा तिथला नौदल तळ सोडला. १९९५ मध्ये फिलिपिन्स आपला मानतो त्या मिसचीफ रीफ या प्रवाळखडकावर चिनी बांधकामं उभी असल्याचं उघड झालं. मग राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते चीनकडे झुकले, आणि २०२३ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी अमेरिकेला आणखी चार लष्करी ठिकाणं खुली केली. ही वळणं बरोबर की चूक यावर जरूर वाद घालू. पण ती मनिलात, फिलिपिन्सच्या राजधानीत, घेतली गेली, आणि त्यांची किंमत मोजली फिलिपिनो मच्छीमारांनी.

भूगोल हात बांधतो, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. आर्मेनिया रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा संघटनेचा सदस्य. २०२२ मध्ये शेजारच्या अझरबैजानने थेट त्याच्या भूमीवर हल्ले केले, तेव्हा संघटनेने पाहणी पथक धाडलं, फौज नाही. २०२४ मध्ये येरेवानने, म्हणजे आर्मेनियाच्या सरकारने, संघटनेतला आपला सहभाग गोठवला. पण आर्मेनियातल्याच ग्युमरी शहरातला रशियन तळ तिथेच राहिला, आणि गॅसही मुख्यतः रशियाकडूनच येत राहिला. तुम्ही ज्याला निवडच नाही म्हणता, ती मला इथे दिसते: अतिशय अरुंद, महागडी, आणि तरीही त्यांची स्वतःची.