मारुती ८०० चे पैसे कमी दिले, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब. निपाणीहून आलेल्या एमएच-०९ पासिंगच्या मारुती ८०० बद्दल तुम्ही आमच्या गाड्या मोडीत काढायच्या केंद्राला एक तारा देऊन लिहिलंय, ते वाचलं. फोनवर एक आकडा सांगितला आणि काट्यावर दुसराच दिला, पतसंस्थेच्या जुन्या कागदासाठी अडवून धरलं, नंतर त्याच गाडीचे दरवाजे एका गॅरेजमध्ये दिसले म्हणजे आम्ही 'भंगारात घेऊन लाखात विकतो', आणि क्रेनवरचा माणूस तुमच्याशी कन्नडमधून बोलला, असं तुमचं म्हणणं आहे. इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात अशी एखादी गाडी उभी असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशांचं आधी. फोनवरचा आकडा 'गाडी पूर्ण असेल तर' असा होता. नवी ८०० साधारण साडेसहाशे किलोची. पण ती सगळी लोखंडाची नसते. काच, टायर, सीटचा फोम, डॅशबोर्डचं प्लास्टिक, हे सगळं काट्यावर वजन दाखवतं, लोखंडाचा भाव त्याला कुणी देत नाही. फोम आणि फुटकी काच तर आम्हालाच पदरचे पैसे घालून उचलून द्यावी लागते. लोखंड आणि पत्रा मिळून दोन तृतीयांश धरा, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे किलो. किलोला तीस रुपये लावले तरी तेरा हजारांच्या आसपास जातं. त्याच्या वर जे काही मिळतं ते बॅटरी, चाकं, तांबं, ॲल्युमिनियम आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्यावर. तुमच्या गाडीत बॅटरी नव्हती, स्टेपनी नव्हती, रेडिएटर कधीतरी बदललेला होता. जुना तांब्या-पितळेचा असता तर चार पैसे जास्त आले असते. हा प्लास्टिकच्या टाकीचा होता.

आणि कन्व्हर्टर. खरा फरक तिथे पडला, पण तुमच्या अभिप्रायात त्याचा उल्लेखच नाही. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा हा डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी, आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. वजनाला काही नाही, किमतीला मात्र अख्ख्या बॉनेटपेक्षा भारी. तुमच्या गाडीला त्या जागी साधा पाइप वेल्डिंग करून जोडला होता. तुम्ही काढला असं आम्ही म्हणत नाही. सायलेन्सर बदलायला गाडी दिली की डबा परस्पर गायब होतो, आणि गाडी चालत राहते म्हणून मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. हा पाइप आमच्या पोराने तुम्हाला गाडीखाली वाकून दाखवला होता. तेव्हा तुम्ही मान डोलावली होती.

'सरकारच सहा टक्के द्यायला सांगतं' असंही तुम्ही लिहिलंय. २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण जाहीर झालं तेव्हा मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के पडेल, असा अंदाज सांगितला होता. तो अंदाज आहे, बांधून दिलेला दर नव्हे. आणि तुम्ही आता घेताय त्या दहा लाखांच्या गाडीवर सहा टक्के लावून साठ हजार मागितलेत. मोडीत आली ती ८००, आणि ती दोन-सव्वादोन लाखांना मिळायची. तिच्यावर हिशेब करून बघा, कुठे येतो ते.

आता कागद. गाडी तुमच्या कैलासवासी वडिलांच्या नावावर, आरसीवर पतसंस्थेचा बोजा, आणि पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर नूतनीकरण नाही. कर्ज कधीच फिटलंय हे आम्हालाही पटतं. पण सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या नोंदीत बोजा दिसतोय तोवर आम्हाला गाडी कापता येत नाही. वारसाचा पुरावा, पतसंस्थेची एनओसी, बोजा उतरवायचा फॉर्म ३५, एवढं लागतंच. २०२१ च्या स्क्रॅपिंग केंद्रांच्या नियमांखाली आमची नोंदणी आहे, त्यामुळे आम्ही 'बघू पुढे' म्हणू शकत नाही. ज्यांच्या घरी असा बोजा राहिलाय त्यांनी गाडी मोडायच्या आधी नाही, आजच उतरवून घ्यावा. पतसंस्था बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली की सही कुणाची घ्यायची इथपासून सुरुवात होते.

तुम्ही लिहिलंय की बाजारातला गुजरीवाला, म्हणजे भंगारवाला, जागेवर रोख देत होता, कागदही मागत नव्हता. देत असेल. तो गाडी तशीच्या तशी पुढे विकू शकतो, आणि नोंद वडिलांच्या नावावरच राहते. आपला भाग सीमेचा आहे. निपाणीची गाडी संध्याकाळपर्यंत कोल्हापुरात, रात्रीत गोव्यात. कुणी तिच्यावर अपघात केला तर भरपाईसाठी नोंदलेल्या मालकालाच धरलं जातं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय. चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस आधी तुमच्याच दारात. म्हणून आम्ही चॅसी नंबरचा तुकडा तुमच्यासमोर कापून वेगळा ठेवला. तुम्हाला त्यात 'दिखावा' दिसला. आमच्या धंद्यात त्याहून महत्त्वाचं काम नाही.

दरवाज्यांबद्दल. हो, ते आम्हीच विकले. दरवाजे, हेडलाइट, काचा, अल्टरनेटर, सेल्फ, जे धड असेल ते आम्ही विकतो, आणि त्यातूनच तुम्हाला लोखंडाच्या भावापेक्षा वर काही देता येतं. ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, पण खानापूर-चंदगडकडे ती अजून धावते आणि त्या लोकांना दरवाजा लागतोच. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र कितीही मागितले तरी आम्ही देत नाही. इंजिनची बीड उद्यमबागला किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत जाते, पत्र्याचे गठ्ठे भट्टीला. लाखात विकले असते तर शेडवरचे पत्रे तरी बदलले असते. तेल, कूलंट, एसीचा गॅस हे आधी काढून वेगळं द्यावं लागतं, त्याचा खर्च कुणी विचारत नाही.

क्रेनवरचा माणूस गोकाककडचा. त्याला मराठी समजतं, बोलायला जमत नाही. त्याने तुम्हाला 'गाडीत काही राहिलं का बघा' एवढंच विचारलं होतं. डॅशबोर्डवरचा गणपती त्यानेच काढून तुमच्या हातात दिला.

पैसे तुमच्या खात्यात त्याच दिवशी गेलेत. काट्याची पावती, कमी केलेल्या वस्तूंची यादी आणि पाइपचा फोटो आमच्याकडे आहे, कधीही येऊन बघा. आणि एक, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, तुम्ही अजून वापरलेलं दिसत नाही. खासगी गाडीला त्यावर रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, आणि दहा लाखांच्या गाडीवर ती रक्कम काही लहान नसते. नवी गाडी चिक्कोडीला नोंदवणार की कोल्हापूरला, ते आधी ठरवा आणि त्याच आरटीओत जाऊन सवलतीचं विचारा, दोन्ही राज्यांचं आपापलं असतं. शोरूमवाला बिल करायच्या आधी विचारा. नंतर नाही.