मज्जारज्जूला उजवीकडे इजा, तर लुळा पाय कोणता?

पुण्यातल्या मेडिकल आणि फिजिओथेरपीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चार्ट फिरतोय: ‘मज्जारज्जूची उजवी बाजू कापली गेली, तर डावं अंग लुळं पडतं.’ हे साफ चूक आहे.

हा नियम मेंदूतल्या इजेचा. हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक तंतू, साधारण 85 ते 90 टक्के, लंबमज्जेच्या (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला सर्वांत खालचा भाग) तळाशी, पिरॅमिड नावाच्या उंचवट्यांपाशी बाजू बदलतात. मज्जारज्जूत उतरतात ते आधीच ओलांडून आलेले असतात. म्हणून मज्जारज्जूच्या टी-10 खंडात (छातीच्या भागातला दहावा) उजवा अर्धा भाग कापला गेला, तर उजवाच पाय लुळा पडतो.

आता 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा दुबेळका) त्याच रुग्णाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर टेकवा. कंपन कळत नाही, कारण कंपनाची जाणीव नेणारे तंतू लंबमज्जेपर्यंत त्याच बाजूने चढतात. टाचणी मात्र डावीकडे बोचत नाही, तीही बेंबीच्या थोडं खालून: वेदना-तापमानाचा मार्ग मज्जारज्जूतच, एक-दोन खंड वर चढेपर्यंत, पलीकडे जातो. बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच. एकाच पायावर टाचणी लावून थांबलात, तर ब्राऊन-सेकार सिंड्रोम (मज्जारज्जूचा अर्धाच भाग कापल्यावर दिसणारा हा लक्षणसमूह) हातचा निसटतो. दोन्ही पायांवर दोन्ही तपासण्या कराच.