तीन ढॅणांचा धंदा

पेटी शिकला असाल, तासभर यमन आळवता येत असेल, तरी मनाला लावून घेऊ नका. टीव्ही मालिकांच्या संगीतात शिरलात की वर्ष-दोन वर्षांत ते आपोआप विसरायला होतं.

सुरुवात ढॅणपासून करा. सासूने दार उघडलं, पहिला ढॅण. सून दचकली, दुसरा. जिन्यात उभ्या जावेवर कॅमेरा गेला, तिसरा, वर चमचाभर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा. एवढं जमलं की चूल पेटती राहते. प्रत्येक भागाला नवं संगीत देण्याची स्वप्नं पाहू नका, रोजच्या मालिकेत तेवढा वेळ कुणाच्या बापाकडे नसतो. आधीच तुकड्यांची बँक करून द्यायची: दुःखाची बासरी, कटाचा सेलो, नोकराच्या विनोदाला टुणटुण, आणि शीर्षकगीताची चाल एकदा सतारीवर, एकदा नुसत्या आलापात, एकदा लग्नाच्या सनईवर. पुढे एडिटर हवं ते उचलून हवं तिथे चिकटवतो. आजोबांच्या मृत्यूसाठी केलेली माझी बासरी नंतर दूध उतू जातानाही वाजली. तेही शेवटी गेलंच म्हणा.

नाव व्हावं अशी हौस असेल तर दुसरं काही बघा. ‘आभाळमाया’ १९९९ साली आली, शीर्षकगीत लोक आजही गुणगुणतात. गुणगुणणाऱ्याला विचारा, चाल कुणाची? अशोक पत्कींचं नाव सांगणारा भेटला तर त्याला माझ्यातर्फे चहा पाजा. आणि पत्कींचं गाणं लोक निदान बसून ऐकत तरी होते. तुमच्या गाण्यावर मोबाइलमध्ये ‘वगळा’ असं बटण असणार.

ॲनिमेशनमध्ये सासू नसते, फ्रेम असतात, म्हणजे एकामागून एक सरकणारी चित्रं, सेकंदाला २४ किंवा २५. अमेरिकेत कार्ल स्टॉलिंग यांनी १९३६ ते १९५८ वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनना संगीत दिलं, जवळजवळ आठवड्याला एक या वेगाने. त्यांच्यापुढे स्टुडिओचा अख्खा ऑर्केस्ट्रा. तुमच्यापुढे लॅपटॉप आणि वरच्या मजल्यावर चाललेलं ड्रिलिंग. माझ्याकडे एक माकड आलं होतं, केळीच्या सालीवरून घसरणारं. तीन रात्री जागून झायलोफोनची उतरती तान त्याच्या बुडाशी जुळवली. चौथ्या दिवशी फोन, “सर, माकड आता आठ फ्रेम उशिरा पडतंय.” मी म्हटलं, पिक्चर लॉक झालं होतं ना, म्हणजे आता चित्रात बदल नाही? “हो, लॉकच आहे. फक्त माकड हललंय.” सगळं परत केलं. त्यावर अभिप्राय आला: छान झालंय, पण म्युझिक थोडं कमी ऐकू येईल असं करा.

करार वाचू नका, झोप उडते. माझ्या करारात सर्व हक्क, सर्व माध्यमांत, ‘विश्वात सर्वत्र’ आणि कायमचे लिहून घेतले होते. मंगळावर मालिका लागली तरी मला दमडी नाही. तसा २०१२ पासून आपल्याकडे कायदा आहे. संगीतकाराने मानधन घेतलं तरी पुढच्या रॉयल्टीतला वाटा त्याचाच, तो निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. ती वसूल करायला आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. फक्त कुठला तुकडा किती सेकंद वाजला आणि तो कुणाचा, याची क्यू शीट कुणीतरी भरावी लागते. मी निर्मात्याच्या ऑफिसात क्यू शीट मागितली. मॅडम म्हणाल्या, “ती अकाउंट्सकडे.” अकाउंट्सवाले म्हणाले, “कसली शीट? आधी तुमचं मागचं बिल तरी नीट पाठवा.” ते बिल मी चारदा पाठवलेलं होतं.

घरच्यांचा पाठिंबा मात्र हवाच. पहिलं शीर्षकगीत लागलं त्या रात्री आईला फोन केला. “ऐकलंस?”

“ऐकलं ना. गाणं लागलं की मी पटकन कुकर लावून येते. थोडं मोठं कर रे, डाळ धुवायची राहून जाते.”